नऊ हात चार बोटं

सकाळी सातच्या ठोक्याला फोन वाजला, दादाने आकडा सांगितला, धाकटीने तो वहीत उतरवला, आणि रिसीव्हर ठेवता ठेवता तिला जाणवलं की पलीकडे केटलीचं झाकण वाजलं. बस्, एवढंच. चहाला उकळी आली की पत्र्याचं झाकण थडथडतं, तसं. त्यात दचकण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणालं असतं. पण ती दचकली. एकोणीस वर्षं हा फोन ती घेत होती. ऑफिस दहाला उघडायचं, तरी ती पावणेसातला सहाव्या मजल्यावर येऊन बसायची. वॉचमन रोज म्हणायचा, "बाई, नदी काय पळून जातेय का?" आणि या एकोणीस वर्षांत दादाच्या आवाजामागे नदी नाही, असं कधी झालं नव्हतं. बेडूक असायचे. धक्क्याला बांधलेल्या लाँचा एकमेकींवर आपटायच्या. एक पक्षी होता, तो तीन सूर बरोबर लावायचा आणि चौथ्याला हटकून अडखळायचा. नियमच होता तसा. पायऱ्या उतरून जायचं, मोजणीच्या खांबावरचं पाणी डोळ्यांनी बघायचं, आणि तिथूनच, तिथे उभं राहूनच, फोन करायचा. मग पायऱ्यांवर केटली कुठून आली? तो पक्षी आपण शेवटचा कधी ऐकला, हे ती आठवू लागली. आठवेना. म्हणजे किती दिवस दादा घरातूनच बोलत होता आणि आपण नुसते आकडे लिहून घेत होतो? तिला स्वतःचाच राग आला. हातावर घड्याळ होतं, समोर वही होती, कान मात्र कुठे गहाण पडले होते कोण जाणे.

तिचं काम सांगायला सोपं होतं. नदीच्या वरच्या अंगाला, जिथे बारा महिने पाऊस पडतो आणि जंगल संपता संपत नाही, तिथे एक एवढंसं गाव होतं. त्या गावात पाणी किती चढलं ते पाहून खालच्या सात गावांना कळवायचं, निवांत राहा किंवा घरं सोडा. पाणी मोजायचं काम आधी तिच्या वडिलांचं होतं, आता थोरल्या भावाचं. गंमत अशी, की दादा मीटरमध्ये बोलतच नसे. बाबा हातात आणि बोटांत मोजायचे, म्हणून तोही हातात आणि बोटांत मोजायचा. धाकटी नोकरीला लागली तेव्हा ऑफिसची टेप घेऊन घरी गेली होती आणि बाबांचा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजून आली होती. शेहेचाळीस सेंटिमीटर. असा एक हात, आणि चोवीस बोटांचा एक हात. बाबा गेले, पण एका सरकारी खात्यात नदी अजून त्यांच्याच हाताने मोजली जात होती, आणि ते गणित साऱ्या मजल्यावर तिला एकटीलाच येत होतं. केस पांढरे व्हायला लागले तरी घरी ती धाकटीच होती. ऑफिसात मात्र बाई.

दहा वाजता साहेबांनी बोलावलं. टेबलावर एक फोटो होता. खात्याची एक लाँच सहज त्या गावावरून गेली होती आणि कुणीतरी सहजच खांबाचा फोटो काढला होता. साहेब वाईट माणूस नव्हता, म्हणूनच त्याला बोलायला जड जात होतं. "बाई, त्या दिवशी तुमच्या भावाने सांगितलं सहा हात दोन बोटं. म्हणजे तुमच्याच हिशोबाने दोन मीटर ऐंशी. खांब म्हणतो तीन मीटर सात सेंटिमीटर. वीतभराहून जास्त फरक आहे हा. आणि ते कमी सांगतायत. जास्त सांगितलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं." साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाला, "घरात बसून आकडे ठोकून देत असतील तर त्यांना काढावं लागेल. आणि ते घर तुमच्या वडिलांनी बांधलेलं असलं तरी खात्याचं आहे, तुम्हाला माहीतच आहे. तुम्हीच जाऊन बघा. वाट तुम्हाला ठाऊक. पण लिहाल ते खरं लिहा." केटलीच्या झाकणाचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने साहेबापासून काहीतरी लपवलं.

दिवसभर बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून होती. बाहेर कारखाने गेले, मग विटांच्या भट्ट्या गेल्या, मग मोकळी रानं आली, आणि तिच्या डोक्यात मात्र ते गाव उलगडत राहिलं. गाव म्हणजे काय, एक रस्ता, तोही लाकडी फळ्यांचा, नदीच्या काठाकाठाने. एका टोकाला लाकूड कापायची गिरणी, दुसऱ्या टोकाला शाळा, मध्ये दवाखाना, दोन दुकानं आणि धक्का. घरं सगळी खांबांवर, पाण्याच्या वर. काडेपेट्या बरणीत झाकून ठेवायच्या. मीठ ओलंच असायचं, ते चिमटीने घ्यायचं नाही, चमच्याने खरवडायचं. चपला चार दिवस पायात घातल्या नाहीत तर हिरव्या व्हायच्या. दारं फुगून चौकटीत बसत नसत, त्यामुळे गावात कुणी दार लावत नसे आणि कुणी ठोठावतही नसे. बाहेर उभं राहून खाकरायचं. आणि कुणाला जन्मतारीख विचारायची नाही. मूल जन्मलं की घरातला कर्ता पुरुष खाली उतरून, त्या घटकेला पाणी जिथे असेल तिथे घराच्या खांबावर एक खाच पाडायचा. "तू कितीची गं?" असं लहानपणी मुली एकमेकींना विचारायच्या. दादा पाच हातांचा, म्हणजे गरीब पाण्याचा. धाकटी नऊ हात चार बोटांची. त्या दिवशी नदी चढलेली होती, आणि बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून खाच पाडत होते, असं आई सांगायची. शहरातल्या शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी जन्म कधीचा विचारला, तेव्हा ही उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "नऊ हात चार बोटं." सगळा वर्ग खो खो हसला. ते हसू तिला आजही बसमध्ये बसल्या बसल्या ऐकू आलं, कान तापले. चाळीस वर्षं झाली. माणूस काय काय सांभाळून ठेवतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लाँचमध्ये बसली आणि दोन तासांनी जंगल सुरू झालं. इथलीच ती पोर, तरी दर वेळी तिला वाटायचं की मागच्या वेळी आपण हे नीट पाहिलंच नव्हतं. झाडं किती उंच, ते बघायला मान मागे टाकली तर मानच दुखायची, शेंडा दिसायचा नाही. इंजिनाचा आवाज दोन्ही काठांवरून परत यायचा. पाऊस थांबून तास झाला होता तरी झाडं पाणी पाडतच होती. एका पानावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, खाली येईपर्यंत त्या थेंबांना कसली म्हणून घाई नव्हती. एक झाड काठावर आडवं झालं होतं आणि त्याच्या पाठीवर नवी पंचवीस झाडं उभी होती. नदी कोऱ्या चहाच्या रंगाची, आणि तरी नितळ. हात बुडवला तर बोटं तांबूस दिसायची. धाकटीच्या तोंडून "बाप रे" निघून गेलं, मोठ्याने. आपण सहाव्या मजल्यावर बसून वहीच्या एका ओळीत लिहितो ते हे? एवढं सगळं? तिला भीती वाटली आणि त्या भीतीतच कसलासा आनंदही झाला, आणि डोळे भरून आले ते नक्की कशामुळे, हे तिलाच कळलं नाही. लाँचवाला मामा तिच्याकडे बघून हसला. तिला तो लहानपणापासून ओळखत होता. "रडतेस काय, पोहोचलीस की. वळण आलं. आता दादाने चहा टाकला असेल." "त्याला कुठे माहीत आहे मी येतेय ते?" "तुझं नाही माहीत. माझं इंजिन माहीत आहे," मामा म्हणाला, आणि मग जरा जास्तच बोलून गेल्यासारखा गप्प झाला.

धक्क्यावर वहिनी उभी होती, पदर खोचलेला, हातात झाडू. "आधी कळवायचं नाही? आणि ही बॅग ऑफिसची दिसते. माहेरी आलीस की तपासणीला?" "दोन्हीला, वहिनी." वहिनीचा चेहरा उतरला. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नसे, पण घरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. दादा स्वयंपाकघरात होता. वळून त्याने धाकटीकडे पाहिलं, हसला, आणि ते हसू तिच्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे गेलं. "ये गं. बस. दमली असशील." कप त्याने समोर ओढला, तर्जनी कपाच्या काठात अडकवली आणि केटलीतून चहा ओतू लागला. चहा बोटाला लागला तसा तो थांबला. बोट झटकलं. दुसरा कप ओढला. पुन्हा तर्जनी काठात. धाकटी ते बोट बघत राहिली.

"दादा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"डोळे."

केटली त्याने जपून खाली ठेवली. "डावा दोन वर्षं झाली. उजवा चार महिने. दवाखान्यात म्हणाले, मागची नस वाळलीय, आता काही व्हायचं नाही."

"आणि हे साऱ्या गावाला माहीत आहे?"

"गावाला माहीत नाही असं इथे काय असतं?" वहिनी दारातून फणकारली. "उभ्या गावाने तोंड शिवून ठेवलंय. म्हटलं तुझ्या कानावर गेलं तर तू लिहिणार, आणि लिहिलंस तर आम्ही उठून जायचं कुठे? शहरातल्या तुझ्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात? ह्यांना तिथे नदी कुठली ऐकू येणार?"

"मग आकडा कुठून येतो?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा कठोर निघाला.

दादा उठला, भिंतीला हात न लावता सरळ पुढच्या खोलीत गेला आणि जमिनीच्या फळ्यांवर आडवा झाला, एक कान लाकडाला टेकवून. साठीकडे झुकलेला माणूस, पोर निजतं तसा निजला होता. "ये की," तो म्हणाला. "विसरलीस?" ती विसरली नव्हती. बाबांनी घाटाच्या पायऱ्या अर्ध्या अर्ध्या हाताच्या बांधल्या होत्या, सगळं गाव त्या उंच पायऱ्यांना नावं ठेवायचं. पण प्रत्येक पायरीखाली त्यांनी वेगळी पोकळी ठेवली होती, आणि पाणी जसजसं चढायचं तसतसा तिचा आवाज बदलायचा. दुपारी दोघा पोरांना ते असंच झोपवायचे आणि विचारायचे, "सांगा, किती?" दादाला बरोब्बर सांगावं लागायचं. हिला मात्र सूट होती. "धाकटी आहे, एक बोट माफ," असं बाबा म्हणायचे आणि दादा रडकुंडीला यायचा. आता ती त्याच्या शेजारी आडवी झाली. लाकूड गार होतं, त्याला ओल्या शेवाळाचा वास होता. आधी नुसता गलका ऐकू आला, नदीचा, बेडकांचा, स्वतःच्या रक्ताचा. मग त्या गलक्याच्या तळाशी कुणीतरी घोट घेतल्यासारखं, एक घोट, थांबून दुसरा. "पाच हात, वीस बोटं," दादा म्हणाला. हिशोब तिच्या डोक्यात आपोआप झाला, दोन मीटर अडुसष्ट. ती उठून धावत पायऱ्या उतरली. खांबावर पाणी दोन मीटर पंचाण्णवला होतं.

तिथेच ती ओल्या पायरीवर बसली. चुकला. दादा चुकला. तिच्यातली ऑफिसातली बाई म्हणत होती, संपलं, लिही. आणि तिच्यातली पोर म्हणत होती, वर जाऊन सांग की बरोबर आहे. तो तीन सुरांचा पक्षी आता ओरडत होता, पण तिचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं. "तीन बोटं चढलंय," तो म्हणाला. खांबावर तीन मीटर एक. ती पुन्हा खाली उतरून उभी राहिली आणि मनातल्या मनात वजाबाकी केली. सत्तावीस. दुपारीही सत्तावीसच. आणि फोटोतला फरक? तीनशे सातमधून दोनशे ऐंशी गेले, सत्तावीस. अंदाजपंचे बोलणारा माणूस कधी वीतभर चुकेल, कधी दोन बोटं. तो दर वेळी नेमका तेवढाच कसा चुकेल?

मोजणीचा हा नवा खांब तिने स्वतः बसवून घेतला होता, चार वर्षांपूर्वी. नकाशावर पेन्सिलीने गोल काढला तो तिने, सही केली ती तिने. दादा तेव्हा म्हणाला होता की इथे खाली भुसभुशीत आहे, आणि तिने कागद पुढे करून सांगितलं होतं, "यात खडक दाखवलाय, दादा." खांबावरच्या खुणा कुठून सुरू करायच्या हे ठरवायला पक्की जागा हवी होती, म्हणून तिने गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी आणून घराच्या खांबावरच्या खाचेशी त्या जुळवल्या होत्या. कुठल्या? आपल्याच. नऊ हात चार बोटं, चार मीटर बावीस. त्या वेळी किती कौतुक वाटलं होतं स्वतःचं!

सकाळी तिने दुकानातून नळी आणली, पाणी भरलं, एक टोक वहिनीच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन खांबापाशी गेली. "खाचेला धरा, वहिनी. हलवू नका." "हलत नाहीये गं बाई, तूच थरथरतेयस," वहिनी वरून ओरडली. नळीतलं पाणी वर झालं, खाली झालं, आणि स्थिर झालं. चार मीटर बावीसची खूण पाण्याच्या रेषेला नव्हती. ती खाली होती. धाकटीने बोटं लावून मोजली, पुन्हा मोजली. चौदा बोटं. घर जिथे होतं तिथेच होतं, बाबांनी खडक शोधून बांधलेलं. तिचा खांब मात्र चिखलात हळूहळू बसत चालला होता, आणि कुणाला न सांगता. चाळीस वर्षांपूर्वी सारा वर्ग ज्या आकड्याला हसला, तोच आकडा आज लाकडावर साक्षीला उभा होता, तिच्याच सहीविरुद्ध. आणि एक आंधळा माणूस जमिनीला कान लावून नदीचं खरं सांगत होता. तिला वाटलं, आपण एवढ्याशा आहोत, फार एवढ्याशा. आणि त्याचं तिला जराही वाईट वाटलं नाही.

"तुला माहीत होतं," वर येऊन ती म्हणाली.

"होतं की. माझे डोळे होते तेव्हाच बसायला लागला होता तो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या सहीचा खांब," दादा म्हणाला. "तुझ्यावर बालंट आलं असतं. आणि खालच्या गावांना आकडा तर मी बरोबरच देत होतो."

धाकटी ढसाढसा रडली. दादाने हात पुढे केला, तो आधी तिच्या कानाला लागला, मग डोक्यावर स्थिरावला. वहिनीने नळी गुंडाळत म्हटलं, "झालं ना? खांबाचं लिही आणि मोकळी हो. डोळ्यांचं कशाला?" धाकटीलाही अगदी तेच हवं होतं. तेवढं एक वाक्य गाळायचं, बस्. पण दादा म्हणाला, "डोळ्यांचंही लिही. आज कान आहे. उद्या सर्दीने कान बसला तर खालची सात गावं काय माझ्या वाहत्या नाकाच्या भरवशावर ठेवायची?" वहिनी हसली आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावून आत गेली. लाँच सुटली तेव्हा ती धक्क्यावर आली नाही.

साहेबाने अहवाल दोनदा वाचला. "खांबाचं हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंय, बाई." "हो." "आणि भावाविरुद्धही." "हो." त्याने चष्मा काढून पुसला. डोळस माणूस नेमावा लागेल, महिनाअखेर घर रिकामं करावं लागेल, त्याला खरंच वाईट वाटतंय, पण तिथे जाणार कोण हाही प्रश्नच आहे, असं तो बोलत होता. धाकटीने बॅगेतून दुसरा कागद काढून पुढे सरकवला. तो वाचून साहेब खुर्चीत मागे टेकला. "बदली? तिथे? बाई, हुद्दा खाली येईल. तिथून लोक पळून येतात!" "मी तिथलीच आहे," ती म्हणाली. "घरात कोण कोण राहणार, तेही खाली लिहिलंय." साहेबाने ते वाचलं, तीन माणसं होती. बराच वेळ त्याने पेन हातात धरून ठेवलं, आणि मग सही केली.

सातच्या ठोक्याला फोन वाजला. सहाव्या मजल्यावरचा तिचा शेवटचा आठवडा होता. पलीकडे केटलीचं झाकण थडथडत होतं.

"दादा, थांब, सांगू नकोस. वहिनीला ते झाकण काढायला सांग. आणि फोन खाली फळीवर ठेव."

झाकण थांबलं. मग लाकडाचा ठक्क आवाज, आणि मग नदी. ऑफिसात अजून कुणी आलेलं नव्हतं. तिने डोळे मिटले आणि रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. आधी नुसता गलका. मग त्याच्या तळाशी तो घोट. एक, थांबून दुसरा. ती किती वेळ ऐकत होती कोण जाणे. पलीकडे कुणी फोन उचलला, दादाचा श्वास ऐकू आला.

"पाच हात," ती म्हणाली, आणि अडखळली. "पाच हात, सतरा बोटं."

दूर कुठेतरी तो पक्षी तीन सूर लावून चौथ्याला थांबला.

"सोळा," दादा म्हणाला. "पण तू धाकटी. एक बोट माफ."

तिने वहीत सोळा लिहिलं.